दरवर्षी १२ जूनला



आजच्या शुभवर्तमानात (लूक १७:११-१९) दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि परत येतो तो एकच. हा उतारा ऐकला की आपण त्या नऊ जणांना दोष देऊन मोकळे होतो. पण ते वाईट होते असे लूक कुठेही म्हणत नाही. प्रभूने त्यांना याजकांकडे जायला सांगितले होते आणि ते त्याच वाटेने गेले. किती दिवसांनी घर दिसणार होते, मुलाबाळांना जवळ घेता येणार होते! त्या घाईत मागे वळायचे राहून गेले. हे राहून जाणे आपल्याही चांगल्या परिचयाचे आहे. म्हणून आज एका फुटबॉल खेळाडूची हकिकत सांगतो.

विल्यम अँगस हा स्कॉटलंडमधला खाणकामगाराचा मुलगा. जन्म १८८८ चा. कार्लूक नावाच्या गावात तो वाढला आणि चौदाव्या वर्षी शाळा सोडून वडिलांबरोबर कोळशाच्या खाणीत उतरला. खेळात मात्र चपळ होता. १९१२ साली ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने त्याला घेतले. (हा क्लब १८८७ मध्ये मारिस्ट ब्रदर वॉलफ्रिड यांच्या पुढाकाराने सेंट मेरीज धर्मग्रामाच्या सभागृहात सुरू झाला, तो गरिबांच्या उपाशी मुलांना जेवण मिळावे म्हणून. आपल्या युवा संघटनेने हे जरूर लक्षात ठेवावे.) सेल्टिकच्या मुख्य संघात काही विल्यमचा जम बसला नाही. १९१४ मध्ये तो तिथून निघाला आणि विशॉ थिसल या लहानशा क्लबचा कप्तान झाला. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि कप्तान शिपाई होऊन फ्रान्सला गेला.

१२ जून १९१५. जिव्हाँशी गावाजवळ दोन्ही सैन्यांचे खंदक समोरासमोर होते. रात्रीच्या हल्ल्यात लेफ्टनंट जेम्स मार्टिन परतले नव्हते. उजाडल्यावर ते दिसले. शत्रूच्या खंदकापासून अवघ्या काही यार्डांवर ते जखमी होऊन पडले होते, पण जिवंत होते. मधली सत्तरएक यार्ड जमीन पूर्ण उघडी. मार्टिनही कार्लूकचेच! अँगसने त्यांना आणायला जाण्याची परवानगी मागितली. हे सरळ मरणाच्या दाढेत जाणे आहे, असे वरिष्ठांनी बजावले. मरण आज आले काय नि उद्या आले काय, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

एक दोर बरोबर घेऊन तो सरपटत निघाला आणि मार्टिनपर्यंत पोहोचला. मग बाँबचा वर्षाव सुरू झाला. मार्टिनला दोराने आपल्या खंदकाकडे खेचून घेता यावे म्हणून अँगस दुसऱ्या बाजूने निघाला आणि मारा स्वतःवर ओढून घेतला. दोघेही वाचले. अँगसच्या अंगावर सुमारे चाळीस जखमा होत्या. डावा डोळा गेला, एका पावलाचा काही भाग गेला. फुटबॉल खेळणाऱ्याचे पाऊल!

युद्धाचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्या युद्धात लाखो आयांची मुले गेली, दोन्ही बाजूंची. पण त्या सकाळी हा माणूस मारायला नव्हे, आणायला बाहेर पडला होता.

३० ऑगस्ट १९१५ रोजी राजे पंचम जॉर्ज यांनी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक दिले. राजांनी चाळीस जखमांचा उल्लेख केला तेव्हा, त्यांतल्या तेराच काय त्या गंभीर होत्या, असे तो म्हणाल्याचे सांगतात. पुढे तो कार्लूकमध्येच राहिला. मैदानावर धावणे संपले होते, तरी खेळ सुटला नाही. गावच्या कार्लूक रोव्हर्स क्लबचा तो अध्यक्ष झाला.

आणि मार्टिन? दरवर्षी १२ जूनला अँगसच्या दारात मार्टिन यांची तार येई. मजकूर दोन-चार शब्दांचा, त्या तारखेबद्दल अभिनंदनाचा. १९५६ मध्ये मार्टिन वारले, तोपर्यंत हा नेम चालला. चाळीस वर्षे!

मला अँगसच्या शौर्याइतकेच या तारेचे मोल वाटते. कारण ज्याचे उपकार फार मोठे, त्याला टाळण्याकडेच माणसाचा कल असतो. गेलेल्या डोळ्याची भरपाई कशाने करणार? त्याच्यासमोर उभे राहिले की आपण लहान होतो. आपल्याही घरांत असे आहे. धाकट्यांच्या फीसाठी थोरल्या बहिणीने परदेशात नर्सची नोकरी केली, तिचे लग्नाचे वय निघून गेले. धाकटे शिकले, बंगले झाले, आणि आता सणालाही तिच्याकडे कोणी फिरकत नाही. त्यांनी तिच्याशी भांडण केलेले नाही. फक्त तिच्याकडे पाहिले की देणे आठवते, आणि ते फेडण्यासारखे नाही. मार्टिनने ते फेडायचा प्रयत्नच केला नाही. आपण देणेकरी आहोत एवढेच तो दरवर्षी कळवत राहिला. तो परत आलेला शोमरोनी तरी दुसरे काय करतो? प्रभूच्या पायांशी पडतो आणि आभार मानतो. द्यायला त्याच्याजवळ काहीच नाही. युखरिस्त या शब्दाचा अर्थही आभार मानणे असाच आहे, आणि वेदीवर आपण ज्याचे आभार मानतो त्याच्याही अंगावर जखमांच्या खुणा आहेत.

आज मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनेनंतर आपण थोडा वेळ शांत राहणार आहोत. त्या वेळी एकच नाव मनात आणा. ती व्यक्ती हयात नसेल, तर तिला वेदीवर प्रभूच्या हाती द्या. हयात असेल, तर मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या आवारातूनच तिला फोन लावा. आपल्याकडची तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, पण फोन प्रत्येकाच्या खिशात आहे.