सामाईक पाण्यात हात घालताना



जिंतूरच्या माणसाला समुद्र फार दूरचा वाटतो. पण येलदरीतून सुटलेले पूर्णेचे पाणी गोदावरीला मिळते आणि नांदेडवरून वाहत बंगालच्या उपसागराला जाते. आपल्या शेतावर पडणारा पाऊसही समुद्रावरूनच येतो. म्हणून समुद्राशी कोणी काय करावे, हा प्रश्न तुमचा-माझाही आहे.

कोळसा आणि तेल जाळून हवेत कार्बन वायू वाढला, पृथ्वी तापू लागली. त्यावर काही शास्त्रज्ञांनी उपाय सुचवला. समुद्रात लोहाचा क्षार टाकला तर सूक्ष्म शेवाळ वाढेल, ते हा वायू शोषेल आणि मरून तळाशी गेले की वायूही तिथेच राहील. 2009 च्या आरंभी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेसह दक्षिण अटलांटिक महासागरात 300 चौरस किलोमीटरवर हे करून पाहिले. प्रयोगाचे नाव ‘लोहाफेक्स’. शेवाळ वाढले, पण बारीक जलचरांनी ते खाऊन टाकले. तळाशी फारसे काही गेले नाही.

त्याआधीच, 2008 साली, जैवविविधता करारातील देशांनी बॉन येथे ठरवले होते की असे प्रयोग किनाऱ्याजवळ, लहान प्रमाणावर, अभ्यासापुरतेच व्हावेत. त्यामुळे लोहाफेक्सला हरकत घेतली गेली. जर्मन सरकारने जहाजाला थांबायला सांगितले, तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली आणि मगच परवानगी दिली.

शास्त्रज्ञांचा हेतू वाईट होता का? मुळीच नाही. पण माउली, हेतू चांगला असला म्हणून सामाईक वस्तूवर आपली मालकी होत नाही. येलदरीचे दरवाजे उघडायचे तर खालच्या गावांना आधी कळवावेच लागते, मग पाणी कितीही चांगल्या कारणासाठी सोडलेले असो.

ज्ञानोबारायांच्या पालखीत मुक्कामी समाजआरती होते. चोपदाराने दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो, आणि तक्रार मिटल्यावर आरती होते. हजारोंच्या गर्दीत एका दिंडीसाठी सगळे थांबतात.

कोणी म्हणेल, समुद्र तापवताना कुठे कुणाला विचारले होते? आता उपायालाच परवानगी कशाला? हा सवाल खोटा नाही. काहीच न करणे हेही एक कर्मच आहे, आणि दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्याला ते नव्याने सांगायला नको. पण न विचारता केलेल्या पहिल्या चुकीने दुसरी चूक योग्य ठरत नाही. तक्रार ऐकली म्हणून पालखी कायमची थांबत नाही. सकाळी ती निघतेच. तसेच इथे व्हावे. आधी विचारावे, थोडक्यात करून पाहावे, जे दिसले ते उघड सांगावे, आणि अपाय दिसताच थांबावे.

2013 साली लंडन करारनाम्यात असे नियम घालणारी दुरुस्ती झाली. ती लागू व्हायला दोन तृतीयांश सदस्य देशांची मान्यता लागते. म्हणजे दंड उंचावला आहे, पण सगळ्यांनी तो मानायला हवा.

आणि मासे, शेवाळ, अजून न जन्मलेली लेकरे? त्यांच्या हाती टाळ नाहीत. भूतमात्रांत पांडुरंग पाहणाऱ्याने त्यांचीही तक्रार ऐकू यावी, इतके शांत व्हायला शिकले पाहिजे.