प्लंबरला 'सर' म्हणावं का?

आमच्या प्लंबरचं नाव मी इथे देत नाही. द्यायचं म्हटलं तर पुढे 'सर' लावावं की नाही हे ठरवावं लागेल, आणि नेमकं तेच मला गेले दोन महिने ठरवता आलेलं नाही.

त्याचं असं झालं. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला म्हणून त्याला फोन केला. गेली बारा वर्षं तो आमच्याकडे येतो आहे. म्हणजे 'आलोच' म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी येतो. या वेळी मात्र म्हणाला, "मंगळवार-शुक्रवार सकाळी जमणार नाही साहेब. शाळा असते."

"कुणाची? मुलीची?"

"माझी."

मला वाटलं, चाळिशी उलटल्यावर बिचाऱ्यानं दहावीला बसायचं मनावर घेतलं. मी मोठ्या मनानं म्हणालो, "शाब्बास! काही अडलं तर विचार हो."

तो संकोचून म्हणाला, "शिकायला नाही साहेब. शिकवायला."

आता हे ऐकून मला का टोचावं? पण टोचलं खरं. मी एकतीस वर्षं हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलं. त्यासाठी बी.ए. झालो, बी.एड. झालो. बी.एड.ला 'नई तालीम' या प्रश्नाचं उत्तर मी तोंडपाठ केलं होतं. 1937 साली गांधीजींनी वर्ध्याला सांगितलं, की मुलांनी हातानं काम करता करता शिकावं. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. टकळीला मात्र जन्मात हात लावला नाही. पुढे 1983 साली डॉ. कलबागांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, तेव्हाही मी स्टाफरूममध्ये त्याचं मनापासून कौतुक केलं आणि खडू घेऊन वर्गावर गेलो. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काम शिकावं असं लिहिलंच आहे. तत्त्व म्हणून मला सगळं मान्य होतं. पण तत्त्व असं पाना घेऊन आपल्या मोरीत येऊन बसेल, ही कल्पना नव्हती.

"काय शिकवतोस?" मी परीक्षकाच्या आवाजात विचारलं.

"पहिल्या दिवशी अर्धा इंची पाइप मोजायला दिला. पोरं घामाघूम! बाहेरून मोजला तर एकवीस मिलिमीटर, आतून सोळाच्या आसपास. अर्धा इंच म्हणजे पावणेतेरासुद्धा नाही. अर्धा इंच कुठेच भरेना. मग सांगितलं, हे नुसतं नाव आहे. नावावर जाऊ नका, मोजून बघा."

एकतीस वर्षांत मी एवढं मोठं वाक्य वर्गात बोललो नव्हतो. मी चहा मागवला.

चहा होताच मी मूळ मुद्द्यावर आलो. आमच्या गल्लीत पाणी सकाळी पाऊण तास येतं, तेही करंगळीएवढं. शेजाऱ्यांनी नळाला थेट मोटर लावलीय. "आपणही एक बसवून टाक," मी म्हणालो. आवाज आपोआप खाली गेला.

"नाही जमणार, साहेब."

"अरे, त्यांची तूच बसवलीस ना?"

"बसवली. तेव्हा शाळा नव्हती." वॉशर बदलता बदलता तो सांगू लागला, "मोटर काय, जास्तीचं पाणी तयार करत नाही. पुढच्यांच्या नळातलं ओढते. जमिनीत पाइप कुठे चिरलेला असला तर गटाराचंही ओढते. हे मी गेल्या शुक्रवारी फळ्यावर काढून दाखवलं. गल्लीच्या टोकाला माझ्या वर्गातली दोन पोरं राहतात. त्यांच्या नळाला पाणी नाही आलं तर का नाही आलं, हे त्यांना आता कळतं."

"म्हणजे तू पोरांच्या भीतीनं नाही म्हणतोस!" मी त्याला पकडलं. माणूस भीतीनं चांगला वागला तर तो चांगला म्हणायचा का? प्रश्न अगदी पाठ्यपुस्तकातला होता.

"भीतीनंच की," तो म्हणाला. "तुम्हाला नव्हती का वाटत?"

मला आठवून बघावं लागलं. 'सार्वजनिक मालमत्तेचं जतन करा' हे मी दर जूनमध्ये शिकवलं. पण नागरिकशास्त्राचं एक बरं असतं, ते गळत नाही. मास्तर घरी काय करतो हे तपासायला पोरं येत नाहीत, आणि आली तरी परीक्षेत त्याला गुण नसतात. याचा विषय मात्र रोज सकाळी पाऊण तास गल्लीतल्या प्रत्येक नळाला तपासून निघतो. मला भीती वाटली नाही, कारण कुणी मोजायलाच आलं नाही.

"शाळा पैसे बरे देते का?" मी विषय बदलला.

"दोन नळ बदलले तर जास्त सुटतात. पण माझी मुलगी त्याच शाळेत आहे. आजवर फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'खाजगी' लिहायची. यंदा 'प्लंबर' लिहिलं. मी म्हटलं, 'शिक्षक' लिही की! तर म्हणते, ती तुमची अर्धवेळ नोकरी आहे."

तो हसला. मीही हसलो, पण अंमळ उशिरा.

अखेर अंगणात जमिनीखाली टाकी करायचं ठरलं. येईल तेवढं पाणी आपल्या पायानं आत येईल, मग त्यातून मोटरनं वर चढवायचं. खर्च चौपट आला. ही म्हणाली, "एवढ्यात चार मोटरी आल्या असत्या." ते खरंच होतं.

काम संपल्यावर त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. समोरून दोन मुलं सायकलवरून चालली होती. "नमस्कार सर!" ती ओरडली. बारा वर्षांच्या सवयीनं मी हात वर केला. मुलं माझ्याकडे बघतही नव्हती.

परवा बाथरूमची चावी बिघडली. फोन लावला आणि "अरे" म्हणायला तोंड उघडलं. मध्येच काय झालं कोण जाणे, म्हणालो, "अहो, मंगळवार-शुक्रवार सोडून कधी जमेल?"

अजून 'सर' तोंडून निघालेलं नाही. पण 'अहो'पर्यंत आलोय.