शरशय्येपाशी बसलेला नातू



महाभारतातील युद्ध संपले, राज्य मिळाले. पण युधिष्ठिराचे मन पार खचले होते. आपल्याच माणसांच्या संहाराला आपण कारण झालो, ही टोचणी त्याला स्वस्थ बसू देईना. राज्य सोडून वनात जावे, असे तो म्हणू लागला. भाऊ समजावून थकले. शेवटी भगवान श्रीकृष्ण त्याला शरशय्येवर पडलेल्या पितामह भीष्मांकडे घेऊन गेले.

भीष्मांचे अंग बाणांनी विंधलेले होते. बोलण्याचेही त्राण नव्हते. श्रीकृष्णांच्या कृपेने त्या वेदना शमल्या. तेव्हा भीष्मांनी विचारले, ‘आपण स्वतःच युधिष्ठिराला उपदेश का करत नाही?’ श्रीकृष्णांना ते सहज शक्य होते. पण हे यश भीष्मांच्याच पदरी पडावे, अशी त्यांची इच्छा होती. इकडे, ज्यांच्याशी युद्ध केले त्या आजोबांना तोंड कसे दाखवावे, म्हणून युधिष्ठिर लाजेने मागे राहिला होता. भीष्मांनी त्याला दोष दिला नाही. न घाबरता जवळ ये आणि मनात असेल ते विचार, एवढेच सांगितले. त्यातूनच शांतिपर्वातील महान ज्ञान जगाला मिळाले.

आज कितीतरी घरांत असे दोघे एकाच छपराखाली राहतात. एका खोलीत पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा. आता आपण घराला ओझे झालो, असे त्यांना वाटते. दुसऱ्या खोलीत दार लावून बसलेला सोळा वर्षांचा नातू. परीक्षेत मागे पडलेला, रात्रभर मोबाइल घेऊन जागणारा. आपण कुणाच्याच कामाचे नाही, असे त्यालाही वाटते. दुखणी दोन दिसतात, पण मूळ एकच आहे: आपली कुणाला गरज उरली नाही, ही भावना.

आपण आजोबांना औषध देतो आणि नातवाला उपदेश करतो. दोघेही केवळ घेणारे होऊन बसतात. श्रीकृष्णांनी नेमके उलटे केले. त्यांनी आजोबांना देण्याची संधी दिली आणि नातवाला विचारण्याची.

आपणही तसे करून पाहावे. डॉक्टरांनी सांगितलेला हाताचा व्यायाम आजोबांकडून करून घेण्याचे काम नातवावर सोपवा. आजोबांना सांगा, त्याला त्याच्या मार्कांबद्दल विचारू नका. तुम्ही तरुणपणी कुठे हरलात, ते सांगा. पहिले काही दिवस दोघेही गप्प बसतील, बसू द्या. आजोबांची अडखळणारी जीभ हळूहळू एकेक शब्द जुळवील. ज्याला कुणाचेच ऐकायचे नव्हते, तो मुलगा तो शब्द पुरा होईपर्यंत थांबायला शिकेल. हे थांबणे म्हणजेच सेवा, आणि सेवा हीच साधना.

मात्र प्रेम हा उपचारांना पर्याय नव्हे. औषधे व व्यायाम चुकवू नयेत. मुलगा जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर त्याला रागावू नका, एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांकही घरात सर्वांना माहीत असावा.

आज रात्री घरातील त्या दोन बंद दारांपैकी एक आपण उघडू या आणि नातवाला म्हणू या, “जरा आजोबांजवळ बस. त्यांना तुझी गरज आहे.” आजोबांच्याही कानात हेच सांगू या.