एका मताने बुडालेले आरमार

पानिपतावर विश्वासरावांस गोळी लागली नसती तर काय झाले असते, हा प्रश्न ज्या समाजाने अडीचशे वर्षे उराशी बाळगला, त्या समाजास जर-तरच्या इतिहासाची ओढ समजावून सांगण्याची गरज नाही. युरोपात या ओढीची एक निराळीच शाखा आहे. लहान राष्ट्रांनी जी आरमारे बांधण्याचे योजिले पण जी कधी पाण्यावर उतरली नाहीत, त्यांचे आराखडे जुन्या दप्तरांतून शोधून काढावयाचे, तोफांचे व्यास, चिलखताची जाडी आणि इंजिनांची शक्ती यांची कोष्टके मांडावयाची, आणि मग हे आरमार प्रत्यक्षात असते तर अमुक लढाईचा निकाल कसा फिरला असता याचा हिशेब करावयाचा, असा हा व्यासंग आहे. मी त्याला पोरखेळ समजत नाही. घडले तेवढेच घडणे अटळ होते असे मानणारा मनुष्य इतिहासातील निर्णयांचे वजन कधीच करू शकत नाही, कारण ज्याला पर्यायच नव्हता तो निर्णय कसला? परंतु या कोष्टकांत एक रकाना बहुधा कोराच राहतो असे मला नेहमी वाटत आले आहे, आणि तो कोणता हे हॉलंडच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कोणत्याही उदाहरणावरून होत नाही.

हॉलंड म्हणजे आमच्या जुन्या कागदपत्रांतील वलंदेज. वेंगुर्ल्यास ज्यांच्या वखारीचे पडके अवशेष अद्याप उभे आहेत, तेच हे लोक. १६६७ मध्ये डी रायटरच्या आरमाराने मेडवे नदीत शिरून इंग्रजांची जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे त्यांचे मानाचे जहाज ओढून नेले. त्याच्या पिछाडीवरचे कोरीव राजचिन्ह आजही ॲम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहावयास मिळते. असा पूर्वेतिहास असलेल्या राष्ट्राची विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिती अशी होती की मायदेश चिमुकला, आणि त्याच्या ताब्यातील ईस्ट इंडीजचा मुलूख मात्र सुमात्रापासून न्यू गिनीपर्यंत पसरलेला. १९३० च्या सुमारास हॉलंडची लोकसंख्या ८० लाखांच्या आत होती आणि त्या वसाहतीची ६ कोटींच्या वर. एवढ्या मुलखाचे रक्षण समुद्रावरून करावयाचे कसे, या एका विवंचनेतून डच आरमाराच्या सगळ्या कल्पना जन्मल्या.

१९१३ मध्ये एका राजनियुक्त समितीने ९ महाकाय ड्रेडनॉट युद्धनौका बांधाव्यात, त्यांपैकी ५ पूर्वेकडे आणि ४ मायदेशाच्या पाण्यात ठेवाव्यात, अशी शिफारस केली. जर-तरच्या कोष्टककारांचे हे अत्यंत आवडते प्रकरण आहे, परंतु माझ्या मते ते फारसे बोलके नाही. १९१४ च्या महायुद्धाने तो प्रश्नच निकालात काढला. खरा उंबरठा आला तो दहा वर्षांनी.

१९२३ साली रुइस दे बेरेनब्राउक यांच्या मंत्रिमंडळाने आरमारविषयक कायद्याचा मसुदा संसदेपुढे मांडला. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी जहाजागणिक हुज्जत घालण्यापेक्षा अनेक वर्षांच्या बांधणीची तरतूद एकदाच मंजूर करून टाकावी, आणि पूर्वेच्या पाण्यात क्रूझर, विनाशिका व पाणबुड्या यांचा एक सुसंगत ताफा उभा करावा, असा त्याचा आशय होता. महायुद्धोत्तर मंदीने खजिना ओढग्रस्त झालेला, नोकरवर्गाच्या पगारांना कात्री लागलेली. अशा वेळी अर्थमंत्री डे गेर यांनी हा खर्च आपल्याला पटत नाही म्हणून राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी कोलाइन आले. समाजवादी पक्षाने आणि कामगार संघटनांनी कायद्याविरुद्ध अर्ज फिरवला, त्यावर ११ लाखांहून अधिक माणसांनी सह्या केल्या. २६ ऑक्टोबर १९२३ रोजी हेगच्या कनिष्ठ सभागृहात मतदान झाले. बाजूने ४९ आणि विरुद्ध ५०. सरकारपक्षातल्याच कॅथॉलिक गटाच्या १० सभासदांनी विरोधात मत दिले होते. मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, कित्येक आठवडे पेच चालला, आणि अखेर तेच मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले. कायदा मात्र पुन्हा उभा राहिला नाही.

एका मताचा हा फरक कल्पनेला केवढे आवाहन करतो! एक सभासद आजारी पडला असता, एकाचे मन रात्रीतून पालटले असते, तर १९४२ मध्ये जावाच्या समुद्रात जपान्यांपुढे निराळेच डच आरमार उभे राहिले असते, अशी मांडणी आपोआप होते. ती तपासून पाहिली पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, कायदा पडला म्हणून जहाजे बांधावयाची थांबली नाहीत. जुन्या सेनानींची नावे धारण करणाऱ्या ८ विनाशिका त्यानंतरच्या काळातच तयार झाल्या, पाणबुड्याही तयार होत राहिल्या. जे हरवले ते सातत्य आणि आकार. ‘जावा’ या क्रूझरचा सांगाडा १९१६ मध्ये घातला गेला आणि ती सेवेत आली १९२५ मध्ये. तिच्यावर १५ सेंटिमीटरच्या १० तोफा होत्या, पण त्या जुन्या पद्धतीने सुट्या सुट्या बसविल्या असल्यामुळे एका बाजूस एका वेळी ७ च डागता येत. पुढे जागतिक मंदीच्या दिवसांत ‘डी रायटर’ ही क्रूझर बांधताना प्रत्येक तोफेवर घासाघीस झाली. मूळच्या आखणीत ६ च तोफा होत्या, वाद होऊन एक वाढवली गेली. जपानच्या जड क्रूझरांवर त्याच वेळी २० सेंटिमीटरच्या तोफा चढत होत्या.

२७ फेब्रुवारी १९४२ च्या दुपारी रिअर ॲडमिरल कारेल डोरमन यांचा संयुक्त ताफा सुराबाया बंदरात परतत असता शत्रू आल्याची वार्ता पोहोचली, आणि दमलेल्या खलाशांनिशी त्यांनी जहाजे पुन्हा समुद्राकडे वळवली. त्यांच्याजवळ डच, ब्रिटिश, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन अशा चार राष्ट्रांची मिळून ५ क्रूझर आणि ९ विनाशिका होत्या. जपान्यांजवळ ४ क्रूझर आणि १४ विनाशिका. आकडे विषम आहेत, पण निराशाजनक नाहीत. निराशाजनक होते ते बाकीचे. या चार आरमारांनी एकत्र सराव केलेला नव्हता, त्यांचे संकेतग्रंथ निराळे होते, टेहळणीची विमाने किनाऱ्यावर राहिली होती, ‘ह्यूस्टन’चा मागील बुरूज पूर्वीच्या हल्ल्यात निकामी झालेला होता. ‘एक्झिटर’ला गोळा लागून तिचा वेग मंदावला तेव्हा मागच्या जहाजांना नेमके काय करावे हे उमगले नाही आणि सगळी रांग विस्कटली. ‘कोर्टेनार’ ही विनाशिका पाणतीर लागून मधोमध दुभंगली. रात्री साडेअकराच्या सुमारास प्राणवायूवर चालणाऱ्या ६१ सेंटिमीटरच्या जपानी पाणतीरांनी ‘जावा’ आणि ‘डी रायटर’ या दोघींचा थोड्याच अवधीत घात केला. डोरमन आपल्या जहाजाबरोबर गेले. एवढा संहार होऊनही जपानी फौजेचे जावावर उतरणे एका दिवसाने लांबले, इतकेच.

आता १९२३ चे ते एक मत उलटे करून पाहा. डोरमन यांच्याजवळ आणखी काही क्रूझर आणि विनाशिका आल्या असत्या; संकेतग्रंथ, विमाने आणि सराव मात्र त्या मताने आले नसते. शिवाय प्रतिपक्ष स्वस्थ बसला असता काय? जपानला हवे होते ते तारकान, बालिकपापान आणि पालेम्बांगचे खनिज तेल. त्यावाचून त्याचे आरमार अखेर बंदरात खिळले असते. ज्या तेलासाठी त्याने अमेरिकेशी युद्ध पत्करले, त्यासाठी वाटेत डच ताफा दुप्पट आहे असे दिसताच त्याने आपले बळही वाढवले असते. जर-तरच्या मांडणीत आपल्या बाजूची सोंगटी हलवावयाची आणि समोरच्याची जागच्या जागी ठेवावयाची, ही चूक पानिपताच्या चर्चेतही आपण करीत आलो आहोत.

हेच १९३९-४० च्या तीन बॅटलक्रूझरांच्या योजनेस अधिक लागू पडते. सुमारे २८ हजार टनांची, २८ सेंटिमीटरच्या ९ तोफांची ही जहाजे कोष्टकात फार रुबाबदार दिसतात. परंतु एवढे जहाज आखण्याचा अनुभव हॉलंडला नव्हता, म्हणून साहाय्य मागावे लागले ते जर्मनीकडे. आणि १० मे १९४० रोजी त्याच जर्मनीचे सैन्य हॉलंडमध्ये घुसले. शिवाय विमानांचे छत्र नसेल तर महानौकेचे काय होते, हे १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ बुडाल्या तेव्हा साऱ्या जगाने पाहिले. लहान राष्ट्राने काय बांधावे याचे उत्तर डचांजवळ वस्तुतः होते, ते पाणबुड्यांत. त्यांच्या ‘के १६’ या पाणबुडीने २४ डिसेंबर १९४१ रोजी बोर्निओच्या पाण्यात ‘सागिरी’ ही जपानी विनाशिका बुडवली. पाण्याखाली राहून डिझेल इंजिने चालविण्यासाठी हवा ओढणारी नळी प्रत्यक्ष पाणबुड्यांवर चढवली तीही डचांनीच. १९४० मध्ये ती इंग्रजांच्या हाती आली तेव्हा त्यांनी ती काढून टाकली, जर्मनांनी मात्र पुढे ती आपलीशी केली. तीन महानौकांच्या रुबाबापुढे या नळीची आठवण फार थोड्यांना राहते, याचे मला वाईट वाटते.

पण तो कोरा रकाना अद्याप राहिलाच आहे. हे आरमार कोणाचे, आणि त्याची तोफ शेवटी कोणावर रोखली जाणार?

ज्या ६ कोटी लोकांच्या मुलखाच्या नावाने ही जहाजे मागितली जात होती, त्यांना हेगच्या त्या ९९ मतांपैकी एकही मत नव्हते. बटाव्हियातील लोकमंडळाचे काम त्या काळी केवळ सल्ला देण्यापुरते होते. आमच्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले. पण त्याच प्रकरणात जहाजांच्या लाकडासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, अशी सक्त ताकीद दिली. आरमार उभारताना पहिली संमती कोणाची घ्यावयाची हे त्या राजनीतीस कळत होते. हॉलंडच्या वसाहतीत ते कळले नाही, आणि त्याचा पुरावा १९३३ मध्ये मिळाला.

४ फेब्रुवारीच्या रात्री सुमात्राच्या उत्तर टोकास, अचे प्रांतात, ‘डे झेव्हन प्रोव्हिन्सियन’ ही जुनी युद्धनौका नांगर टाकून उभी होती. कप्तान आणि बरेच अधिकारी किनाऱ्यावर मेजवानीस गेलेले. वेतनकपातीने पेटलेल्या इंडोनेशियन खलाशांनी, आणि त्यांच्या जोडीने काही युरोपीय खलाशांनीही, जहाज ताब्यात घेतले आणि ते सुराबायाकडे हाकारले. वेतनकपातीविरुद्ध निदर्शने केल्याबद्दल तेथे अटकेत पडलेल्या सोबत्यांना सोडवावे हा त्यांचा हेतू होता. १० फेब्रुवारीस सुंदा सामुद्रधुनीजवळ सरकारी विमानाने जहाजावर बाँब टाकला. २३ माणसे मेली, त्यांतील बहुतेक इंडोनेशियन होती. जपानी आरमारावर एकही गोळा सुटण्याच्या नऊ वर्षे आधी डच आरमारी विमानाचा बाँब आपल्याच जहाजावर, आपल्याच खलाशांवर पडला, ही घटना ज्या कोष्टकात येत नाही ते कोष्टक माझ्या दृष्टीने अपुरे आहे. जहाजांची संख्या कायद्याने दुप्पट झाली असती. त्यांवर राबणाऱ्या माणसांचा विश्वास कोणत्या कायद्याने वाढवला असता?

पुढचे टोक आपल्या घरापर्यंत येते. १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले. डचांजवळ तत्काळ पाठविण्याजोगे बळ उरले नव्हते, म्हणून ब्रिटिशांनी हिंदी पलटणी पाठवल्या, आणि ऑक्टोबरअखेर सुराबायात जी ४९वी हिंदी ब्रिगेड उतरली तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला मारले गेले. शहरात घराघरांतून लढाई झाली. १० नोव्हेंबर हा दिवस इंडोनेशिया आजही वीरांचा दिवस म्हणून पाळतो. दुसऱ्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध तिसऱ्याच्या वसाहतीसाठी मराठी तरुण तेथे पडले. समजा, ती जर-तरची जहाजे १९४५ पर्यंत तगली असती. मग सुराबायावर तोफा डागण्याचे काम त्यांनीच केले असते, यात मला शंका नाही; प्रत्यक्षातही उरलेल्या डच आरमाराने पुढील चार वर्षे त्या प्रजासत्ताकाच्या बंदरांची नाकेबंदी केली. एक मत उलटले असते तर १९४२ चा पराभव टळला असता असे मला वाटत नाही. १९४५ नंतरचा रक्तपात मात्र अधिक झाला असता असे वाटते.

हे त्या वेळीही काहींना उमगले होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या आरमारी केंद्रावर जो संप सुरू झाला, त्यातील खलाशांच्या मागण्यांत निकृष्ट अन्न आणि वागणूक यांच्या तक्रारींबरोबर इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलवावे, ही मागणीही होती. त्या बंडाची आपण आठवण काढतो, या मागणीची क्वचित. सुराबायाहून परतलेल्या आणि न परतलेल्या मराठा शिपायांची पत्रे, पदके, घरात सांगितल्या गेलेल्या हकिगती सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडील ज्या घरांत अद्याप शिल्लक असतील, त्या घरांतील वाचकांनी त्या लिहून काढाव्यात अशी माझी विनंती आहे.