दुखण्याचे कारण आणि दुखणाऱ्याचा शब्द

दातदुखी हा काही चिंतनाचा विषय नव्हे, असे आम्हीही आजवर समजत होतो. दात दुखू लागला की लवंगेच्या तेलाचा बोळा धरावा, त्याने भागले नाही तर दंतवैद्याची पायरी चढावी, आणि त्याचाही उपाय थकला तर दात काढून मोकळे व्हावे, एवढे शहाणपण वाडवडिलांनी आम्हांस देऊन ठेवले होते. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या घरात असे एक दुखणे येऊन बसले, की त्याच्यापुढे हे तिन्ही उपाय हरले आणि त्याबरोबर आमचे शहाणपणही. आज ती हकीकत लिहावयास बसलो आहोत ती केवळ दातांसाठी नव्हे. एखाद्या वेदनेचे कारण सापडत नसेल तर त्या वेदनेशी आणि ती भोगणाऱ्या माणसाशी आपण कसे वागावे, हा प्रश्न त्या दुखण्याने आमच्यापुढे टाकला, आणि तो प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर कधी ना कधी येतो, असे आम्हांस वाटते.

आमची आत्या निवृत्त शिक्षिका. वसईच्या आमच्या वाडीत पहाटे उठून मोगऱ्याच्या कळ्या खुडणारी, कुणापुढे गाऱ्हाणे न सांगणारी. 2016 च्या पावसाळ्यात ती एके दिवशी म्हणाली, “माझ्या वरच्या दाढेला काहीतरी होतंय रे.” काय होते, ते मात्र तिला धड सांगता येईना. ठणका म्हणावा तर तो नव्हे. चिंच खाल्ल्यावर दात आंबतात तसेही नव्हे. कधी म्हणे दात हुळहुळतो, कधी म्हणे आतून थंड तार ओढल्यासारखे वाटते, कधी तो दात शेजारच्या दातांपेक्षा लांब झाला आहे असा भास होतो. रात्री झोप लागली की हे सारे थांबे; सकाळी चहाच्या आधी पुन्हा सुरू.

पहिल्या दंतवैद्याने क्ष-किरण चित्र काढले. दात निर्दोष. दुसऱ्याने दाढेची मूळनलिका उपचारून वर टोपी बसविली. संवेदना तशीच. तेव्हा आत्यानेच हट्ट धरला, “काढून टाका एकदाची.” दाढ काढली. तीन आठवडे बरे गेले आणि मग तीच थंड तार शेजारच्या दाढेत आली. तीही काढली. त्या दोन्ही दाढा आत्याने एका जुन्या डबीत जपून ठेवल्या आहेत. एकीच्या मुळांतून उपचाराच्या खुणा आहेत. दुसरी इतकी स्वच्छ आणि धडधाकट आहे की ती पाहताना आजही आमची मान खाली जाते.

येथे वाचकांस थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे. आपल्या चेहऱ्याची, जबड्यांची आणि दातांची संवेदना मेंदूकडे नेण्याचे काम पाचवा मस्तिष्क-मज्जातंतू करतो. त्याला तीन शाखा असल्यामुळे त्यास त्रिशाखी म्हणतात. मधली शाखा वरच्या दातांची, खालची शाखा खालच्या दातांची. एवढ्या मोठ्या प्रदेशाच्या वार्ता एकाच वाटेने जात असल्याने वार्ता कोठून निघाली हे मेंदूला नेहमीच अचूक कळते असे नाही. खालची दाढ किडलेली असावी आणि माणसाने वरच्या दाढेवर बोट ठेवावे, हे दंतवैद्यांच्या नित्य अनुभवाचे आहे. गालाच्या हाडातील पोकळी सुजली तर वरच्या दाढा दुखतात, आणि खाली वाकले की ते दुखणे वाढते. झोपेत दात करकर खाणाऱ्याचे स्नायू आणि दात सकाळी अवघडलेले असतात. जोराने दात घासून हिरडी मागे सरली तर मूळ उघडे पडते आणि गार वाराही झोंबतो. केसासारखी बारीक तडा गेलेली दाढ चावताना, आणि विशेषतः चावून दाब सोडताना, कळ देते. तो तडा क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही. क्वचित हृदयाला रक्त कमी पडत असले तरी दुखणे जबड्यात उमटते. आणि खुद्द त्रिशाखी मज्जातंतूच बिघडला तर विजेच्या झटक्यासारख्या कळा दातातून निघाल्याचा भास होतो. अशा रुग्णांचे चांगले दात हकनाक काढले गेल्याची उदाहरणे वैद्यकात पुष्कळ आहेत.

म्हणून कारण शोधण्याची एक रीत आहे. दातावर हळूच ठोकून पाहावे, गारव्याने पारखावे, एकेका दाताखाली काडी धरून चावावयास सांगावे, हिरडीची खोली मोजावी, जबड्याचे स्नायू चाचपावे. संशय उरला तर तेवढाच भाग बधिर करून पाहावा; बधिर करूनही वेदना राहिली तर तिचा उगम बहुधा अन्यत्र आहे. यात यंत्रापेक्षा वेळ जास्त लागतो. आणि सर्वांत अधिक लागते ते ऐकणे. आपल्या मराठीत दाताच्या दुखण्याला किती शब्द आहेत पाहा: आंबणे, शिवशिवणे, ठणकणे, ठसठसणे, हुळहुळणे, सळकणे. यांतील प्रत्येक शब्द वैद्याला वेगळी दिशा दाखवू शकतो. पण आत्या बोलू लागली की समोरून प्रश्न येई, “दुखतं की नाही, तेवढं सांगा.”

माणसाला कारण हवे असते, आणि खरे न मिळाले तर तो खोटेही पत्करतो. दंतरोगाचा इतिहासच याला साक्षी आहे. दातात किडा शिरतो म्हणून दात दुखतो, ही समजूत प्राचीन बाबिलोनच्या मृत्तिकापट्टांवर आढळते. सुश्रुतानेही एका दंतरोगास कृमिदंतक असे नाव दिले आहे, आणि आपणही अद्याप ‘दात किडला’ असेच म्हणतो. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी तोंडात देत. उष्णतेने फुटलेल्या बियांतील पांढरे अंकुर खाली पडत, आणि हेच ते किडे, असे रुग्णाला दाखविले जाई. रुग्णाचे समाधान होई, कारण कारण डोळ्यांना दिसले! पुढे 1728 साली फ्रान्समधील पियेर फोशार या दंतवैद्याने आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिले, की सूक्ष्मदर्शकातून शोधूनही आपल्याला असे किडे दिसले नाहीत. शतकानुशतकांचे कारण त्याने काढून घेतले आणि त्याच्या जागी लगेच दुसरे ठेवता आले नाही. असे करण्यास धैर्य लागते.

1778 साली लंडनच्या जॉन हंटर या शल्यविशारदाने जबड्याच्या एका दुखण्याची नोंद केली. त्याचा दोष दातांवर येतो, पण दातांचा त्याच्याशी संबंध नसतो, असे त्याचे निरीक्षण होते. म्हणजे आमच्या आत्याच्या दोन्ही दाढा काढल्या गेल्या त्याच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षे आधी ही सावधगिरीची सूचना लिहून ठेवलेली होती.

याहून दारुण प्रकरण अमेरिकेतील आहे. न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांची अशी खात्री झाली, की वेडाचे मूळ शरीरात दडलेल्या जंतुसंसर्गात आहे, विशेषतः दातांत. 1916 पासून त्यांनी रुग्णांचे दात काढविण्यास आरंभ केला. दातांनी गुण येईना तेव्हा टॉन्सिल्स, आणि पुढे आतड्यांचे भागही कापले. शस्त्रक्रियांत अनेक रुग्ण दगावले. कॉटन लबाड नव्हते, आणि हेच आम्हांस अधिक भयावह वाटते. त्यांनी स्वतःचे आणि स्वतःच्या मुलांचेही दात काढविले होते. सद्हेतू होता, कष्ट होते, करुणाही असेल. नव्हती ती केवळ ‘मला अजून कळलेले नाही’ असे म्हणण्याची तयारी.

आमच्या घरात काय घडले ते आता सांगतो. दुसरी दाढ काढल्यावरही आत्याची तक्रार थांबेना, तेव्हा आमची सहानुभूती आटू लागली. कुणी म्हणाले, “आत्या, तू त्याचा विचारच करू नकोस.” कुणी म्हणाले, “एकटेपणानं होतं असं.” जेवणाच्या टेबलावर तिचा हात गालाकडे गेला की आम्ही एकमेकांकडे पाहत असू. ते पाहणे तिच्या लक्षात आले असावे, कारण पुढे तिने बोलणे बंद केले. आम्ही मनात म्हटले, बरे वाटले वाटते! वस्तुतः तिचे दुखणे होते तसेच होते. तिने केवळ आम्हांला त्यातून वगळले होते. एका रात्री पाणी प्यावयास उठलो तर ती अंधारात स्वयंपाकघरात गालाला तांब्या लावून बसलेली. “झोप नाही आली?” असे विचारता ती म्हणाली, “तुम्हांला त्रास नको म्हणून इथं बसले.” त्या एका वाक्याने आमचा निवाडा झाला.

आम्ही काय चूक केली होती? कारण दिसत नाही, म्हणून वेदना नाही, असे आम्ही अनुमान काढले. परंतु क्ष-किरण चित्र निर्मळ आहे याचा अर्थ एवढाच, की त्या चित्राला जे दिसू शकते ते तेथे नाही. वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 साली वेदनेची जी व्याख्या केली, तिच्यात वेदना हा इजेशी निगडित असा अनुभव मानला आहे. तो शरीराचाही आहे आणि भावनेचाही. 2020 साली ती व्याख्या सुधारताना, माणूस आपल्याला वेदना होते असे सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे, असे तिच्या टिपणात नमूद केले गेले. ‘हे मनाचे आहे’ असे म्हणून आम्ही जणू वेदना रद्द करीत होतो. पण मनाची वेदना ही वेदना नव्हे, असे कोणी ठरविले?

येथे एक आक्षेप रास्त आहे. दुखणाऱ्याचे सारेच खरे मानावयाचे काय? दाढ काढण्याचा हट्ट आत्याचाच होता, आणि तो चुकीचा ठरला. या आक्षेपावर आम्ही पुष्कळ विचार केला. आमचे उत्तर असे, की आत्या आपल्या वेदनेची साक्षीदार होती. वेदनेच्या कारणाची नव्हती. काय होते ते तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. का होते ते इतरांइतकेच तिलाही अज्ञात होते. पहिल्या बाबतीत तिच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवणे आणि दुसऱ्या बाबतीत तिलाही थांबविणे, ही दोन्ही प्रेमाचीच कामे होती. आम्ही नेमके उलट केले: दाढा काढू दिल्या, आणि वेदना मात्र नाकारली. जी गोष्ट पुन्हा जोडता येत नाही ती करण्यापूर्वी अधिक खात्री हवी, हा साधा नियम शेतातल्या झाडाला कुऱ्हाड लावताना आम्ही पाळतो. माणसाच्या बाबतीत विसरलो.

कारण शोधता शोधता आपण पुष्कळदा दोषी शोधू लागतो, हेही येथे सांगितले पाहिजे. शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले तेच आम्हीही आत्याच्या पाठीमागे विचारले: हिने काय केले असावे? मिस्री लावली? सुपारी खाल्ली? फार चिंता केली? प्रभूने त्या प्रश्नाचा रोखच बदलला आणि तो त्या माणसाकडे वळला. दातदुखीची आश्रयदाती संत अपोलोनिया, आलेक्झांड्रियात सुमारे 249 साली छळात जिचे दात पाडले गेले, तिच्याकडे आमच्या आज्या धाव घेत त्या कारण विचारावयास नव्हे. आपले दुखणे जिला कळेल अशी कोणी आहे, एवढ्या भरवशासाठी त्या जात.

अखेर एका शिकाऊ डॉक्टरांच्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आत्याला तासभर बोलू दिले. फुले खुडताना वाकल्यावर वाढते का, झोपेत थांबते का, बोट नेमके कोठे जाते, सारे विचारले. बधिर करून पाहिले. मग म्हणाल्या, “बाई, दात निर्दोष होते. संवेदना वाहणारा मज्जातंतूच चुकीची वार्ता देतो आहे, असं वाटतं. तो असा का वागतो, ते मला सांगता येत नाही. पण तुमचं दुखणं खरं आहे. आता एकही दात काढू देऊ नका.” त्यांनी मज्जातंतू शांत करणारे औषध अल्प मात्रेत दिले. आत्या बाहेर आली तेव्हा रडत होती. आम्ही घाबरलो, तर म्हणाली, “खरं आहे म्हणाली रे ती.”

दुखणे पूर्ण गेलेले नाही. निम्म्याहून कमी झाले आहे. थंडीच्या दिवसांत ती तार अजून हलते. का, ते आजही कोणास ठाऊक नाही, आणि शोध सोडावा असे आम्ही म्हणणार नाही. पण शोध चालू असताना माणूस एकटा पडू नये, एवढे आपल्या हाती असते. हल्ली आत्याचा हात गालाकडे गेला की आमच्यापैकी कोणीतरी विचारते, “आज कसं आहे?” ती सांगते. आम्ही ऐकतो. मग ती मोगऱ्याची टोपली उचलते आणि दिवस सुरू होतो.