घरातल्या वस्तूंचा नाद आणि निसर्ग

खिडकीत टांगलेली वाऱ्याची घंटा, दिवाणखान्यातले छोटे कारंजे, झोपताना पावसाचा आवाज देणारे यंत्र ही सगळी घरात निसर्गाचा नाद आणण्याची साधने आहेत. ती कशी घडवावीत हा कारागिराचा प्रश्न झाला. त्याच्या मुळाशी मात्र तत्त्वज्ञानाचा एक प्रश्न आहे. माणसाने योजून काढलेला आवाज निसर्गाचा म्हणता येईल का? आणि कानाला दोन्ही सारखेच गोड लागत असतील, तर हा भेद करण्याचे कारण काय?

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रिटिक ऑफ जजमेंट' या ग्रंथात याचे एक मार्मिक उदाहरण दिले आहे. पाहुणे खेड्यात मोकळ्या हवेसाठी आलेले असतात. त्यांना खूश करायला यजमान एका खट्याळ पोराला झुडपात लपवतो आणि ते पोर तोंडात बोरूची नळी धरून नाइटिंगेल पक्ष्याचा हुबेहूब आवाज काढते. लबाडी उघड होईपर्यंत सारे तल्लीन असतात. ती कळली की तोच आवाज कुणाला ऐकवत नाही. आवाजात काहीच बदललेले नसते. कांटच्या मते निसर्गसौंदर्याकडे लागणारी ओढ नुसत्या इंद्रियसुखाची नसते. समोरची गोष्ट खरोखर निसर्गाची आहे, या जाणिवेवर ती उभी असते.

हा आक्षेप घरातल्या नादवस्तूंना लावून पाहिला की त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातल्या वस्तू आवाजाची प्रतिकृती देतात. अमेरिकेत १९६२ साली बाजारात आलेल्या 'स्लीप-मेट' या यंत्रात डबीत बसवलेल्या पंख्याचा एकसुरी घोष इतर आवाज झाकून टाकी. १९६९ मध्ये आयर्व्हिंग टायबेल यांनी 'एन्व्हायरन्मेंट्स' ही ध्वनिमुद्रिकांची मालिका सुरू केली. तिच्या पहिल्या मुद्रिकेतल्या समुद्राच्या गाजेवर संगणकाने संस्कार केलेले होते. कॅनडाचे संगीतकार रेमंड मरी शेफर यांनी 'द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड' (१९७७) या पुस्तकात ध्वनी आणि त्याचा उगम यांच्या या ताटातुटीची गंभीर दखल घेतली. मुद्रित लाट किनाऱ्यावर एकदाच फुटलेली असते. घरात ती हव्या त्या वेळी, हवी तितक्या वेळा फुटते. बाहेर भरती आहे की ओहोटी, याच्याशी तिचा संबंध नसतो.

दुसऱ्या वर्गातल्या वस्तू आवाजाची नक्कल करत नाहीत, त्याला जागा करून देतात. जपानी बागेतले 'सुइकिनकुत्सु' हे याचे सर्वांत सूक्ष्म उदाहरण. एदो काळात रूढ झालेल्या या रचनेत बुडाला भोक पाडलेला रांजण हात धुण्याच्या दगडी कुंडाजवळ जमिनीत उपडा पुरतात. भोवती गोटे भरतात आणि तळाशी थोडे पाणी साठू देतात. हात धुतल्यावर ओघळलेले पाणी भोकातून आत झिरपते, थेंब तळच्या पाण्यावर पडतात आणि रांजणाच्या पोकळीत तो नाद घुमतो. थेंबाच्या आवाजाचे मर्म त्याच्यामागे पाण्यात अडकणाऱ्या हवेच्या बुडबुड्यात आहे. तो बुडबुडा कंप पावतो आणि जितका लहान, तितका स्वर उंच. मिनार्ट यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार एक मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याची कंप्रता सुमारे ३,३०० हर्ट्‌झ येते. रांजणाचा आकार, भोकाची रुंदी आणि पाण्याची खोली कारागीर ठरवतो. कोणता थेंब केव्हा पडेल, हे ठरवणे त्याच्या हाती राहत नाही. शिवाय हा नाद हात धुण्यामागोमाग येतो. चहाविधीच्या बागेत पाहुण्यांनी हात आणि तोंड धुणे हा शुद्धीचा भाग असल्याने तिथे ऐकणे आचरणाला जोडलेले राहते.

वाऱ्याच्या वाद्यांचेही असेच आहे. अथानासियस किर्शर या जेझुइट पंडिताने १६५० च्या 'मुसुर्गिया युनिव्हर्सालिस' या ग्रंथात वर्णिलेली वायुवीणा खिडकीच्या फटीत ठेवली की बोटाचा स्पर्श न होता वाजते. तारेवरून जाणाऱ्या वाऱ्यात तिच्या मागे आळीपाळीने भोवरे सुटतात. त्या भोवऱ्यांची कंप्रता वाऱ्याच्या वेगाबरोबर वाढते आणि तारेच्या जाडीबरोबर घटते, हा संबंध स्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये दाखवला. ती तारेच्या एखाद्या अंगभूत कंप्रतेजवळ आली की तार मोठ्याने गाऊ लागते. तार निवडणे आणि ताणणे माणसाचे, वेग वाऱ्याचा.

अशा नादाचे कर्तृत्व कुणाकडे जाते, यावर भारतीय परंपरेतही विचार झाला आहे. वैशेषिक दर्शन शब्दाची तीन कारणे मानते: संयोग, विभाग आणि आधीचा शब्द. नगाऱ्यावर टिपरी पडणे हा संयोग, बांबू फाटणे हा विभाग, आणि एका शब्दातून पुढचा शब्द उपजत कानापर्यंत पोहोचणे हे तिसरे. या विवेचनात घाव माणसाच्या हाताने बसला की वाऱ्याने, यामुळे शब्दाचा प्रकार बदलत नाही. दुसरा भेद तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'त येतो. आघाताशिवाय असणारा अनाहत नाद योग्यांच्या उपासनेचा. तो मुक्ती देतो, पण रंजन करत नाही. आघातातून उपजणारा आहत नाद लोकांचे रंजनही करतो आणि भवबंधनही तोडतो. या कसोटीवर घरातली घंटा, कारंजे आणि खरा ओढाही आहतच ठरतो. निसर्गाचा आवाज म्हणजे आपोआप पवित्र आणि घडवलेला म्हणजे हीन, अशी वाटणी इथे टिकत नाही.

झेन परंपरेत भर ऐकणाऱ्यावर आहे. तांग काळातले चिनी भिक्षू श्यांगयेन अंगण झाडत असताना एक खडा उडून बांबूवर आदळला आणि त्या आवाजाने त्यांना बोध झाला, अशी कथा आहे. जपानी आचार्य दोगेन यांनी १२४० मधल्या 'केइसेइ सान्शोकु' या प्रवचनात ती सांगितली आहे. तो आवाज कुणी योजलेला नव्हता आणि मागवलाही नव्हता. बटण दाबून मिळणाऱ्या शांततेत नेमकी ही अनपेक्षितता हरवते.

या मांडणीवर दोन आक्षेप येतात. पहिला असा की मुद्रित ओढ्याचा आवाजही मुळात खऱ्या ओढ्यानेच केलेला असतो. हे खरे आहे. पण तो नाद आता कशालाच उत्तर देत नाही. वारा पडला तर घंटा गप्प होते, ध्वनिमुद्रण होत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. वाऱ्याच्या घंटेच्या नळ्याही ठरावीक स्वरांत लावलेल्या असतात आणि घरातल्या कारंज्याचे पाणी विजेचा पंपच फिरवतो. म्हणजे दोन वर्गांमधली रेषा पक्की नाही. नियंत्रण कमी-अधिक असते. पंपाचे कारंजे मधे कुठेतरी बसते. सुइकिनकुत्सुच्या मूळ रचनेत आवाज हात धुण्यानंतरच उमटे. सतत पाणी सोडून तो अखंड चालू ठेवला की सुइकिनकुत्सुही प्रतिकृतीकडे झुकते. प्रतिकृतीचा उपयोग मात्र नाकारता येत नाही. रहदारीच्या आवाजाने झोप न येणाऱ्याला पंख्याचा घोष खरा दिलासा देतो. मात्र ते काम आवाज झाकण्याचे आहे. निसर्गाशी नाते जोडण्याचा दावा त्याला करता येत नाही.

यातून वस्तू घडवण्याच्या काही कसोट्या निघतात. वस्तूने वारा, पाणी किंवा वापरणाऱ्याची कृती यांपैकी कशाला तरी प्रत्यक्ष प्रतिसाद द्यावा. तिला गप्प राहण्याची मुभा असावी. आवाज कुठून येतो हे लपवू नये, कारण कांटच्या पाहुण्यांचा विरस लपवाछपवीमुळेच झाला. नाद घराच्या भिंतीबाहेर जाऊन शेजाऱ्याची झोप मोडत असेल, तर एकाची शांतता दुसऱ्यावर लादली जाते. म्हणून त्याची व्याप्ती लहान असावी. या अटी पाळणाऱ्या वस्तूचा नाद माणसाने घडवलेला असूनही निसर्गाचा म्हणता येतो, कारण तिच्या घडणीत कारागिराने शेवटचा निर्णय निसर्गाकडे सोडलेला असतो.