नीरस अभ्यास आणि सात्त्विक धृती

ज्या विषयात रुची नाही, त्याचा अभ्यास निष्ठेने कसा करावा? बंगळुरूत वास्तुकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यास हा प्रश्न हटकून पडतो. रेखाटनात त्याची रात्र सहज सरते. परंतु व्यवसायपद्धतीच्या परीक्षेसाठी निविदा, करार, लवाद यांची कलमे वाचू लागताच मन विटते. केवळ उत्तीर्ण होण्याची इच्छा ते फार काळ धरून ठेवू शकत नाही, कारण फळाची आशा मंदावली की तिच्यावर उभा असलेला उत्साहही मंदावतो.

मग आधार कशाचा घ्यावा? १९७२ च्या अधिनियमानुसार नोंदणीवाचून कोणास वास्तुविशारद ही उपाधी लावता येत नाही. १९८९ च्या आचारनियमांनी त्यास बांधकामाचा करार राबविताना निःपक्षपाती राहण्यास आणि काम मिळविण्यासाठी दलाली न देण्याघेण्यास बजावले आहे. आपले शुल्क मालक देतो, म्हणून कंत्राटदाराचे न्याय्य देयक अडवून धरणे हा अधर्मच होय. रुक्ष कलमांच्या पोटी असा स्वधर्म आहे.

सात्त्विक सुख आरंभी विषासमान व परिणामी अमृतासमान असते, असे भगवंतांनी अठराव्या अध्यायात सांगितले आहे. याच नगरीच्या विधानसौधावर सरकारी काम हे देवाचे काम, अशा अर्थाचे वचन कोरलेले आहे. खाजगी घराचे कामही त्याहून निराळे नाही.

म्हणून विद्यार्थ्याने नित्य नेमाने एक कलम वाचावे आणि स्वतःस विचारावे, 'याने कोणाचे रक्षण होते?' कोणाचे घर, कोणाची मजुरी डोळ्यांपुढे उभी राहिली, की गोडीची वाट पाहावी लागत नाही.